चालतंय ना?

‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’ ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव… कुठल्याही गॅरेजसमोर थोडा वेळ उभे राहा, हे वाक्य ऐकू येतंच. समोर बहुतेक वेळा पंधरा-वीस वर्षं वापरलेली स्प्लेंडर असते. अ‍ॅक्सिलरेटर जड झालेला, सोडला की सावकाश मागे येणारा. उभ्या गाडीची रेस आपोआप वरखाली होते. पण गाडी चालते. मग चालणाऱ्या गोष्टीला चालू देण्यात चूक काय?

प्रश्न मेकॅनिकचा वाटतो, पण तो तितकाच नीतीचा आहे. आणि त्याचं उत्तर शोधायला अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलइतकी चांगली जागा नाही.

ही केबल म्हणजे एका नळीत सरकणारी, अनेक बारीक तारा पिळून केलेली पोलादी दोरी. एक टोक मुठीत, दुसरं कार्बोरेटरमधल्या स्लाइडला. मूठ पिळली की स्लाइड वर जाते, इंजिनात जास्त हवा आणि पेट्रोल शिरतं. मूठ सोडली की स्प्रिंग स्लाइडला खाली ढकलते. तारा झिजतात त्या बहुधा मुठीपाशी किंवा हँडलजवळच्या वळणावर, म्हणजे जिथे आपली नजर जात नाही तिथे.

आता गंमत अशी, की केबल पूर्ण तुटली तर स्प्रिंग आपलं काम करते. स्लाइड बंद होते, इंजिन मंदावतं, गाडी कडेला घेता येते. खरा धोका अर्धवट तुटलेल्या केबलचा. एखादी तार सुटते, तिचं टोक नळीत अडकतं, आणि मूठ सोडली तरी स्लाइड खाली येत नाही. माळशेज घाटात, पावसाळ्यात, धुक्यात, वळणावर असं झालं तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. म्हणजे बंद पडलेली वस्तू आपल्याला थांबवते, अर्धवट बिघडलेली वस्तू थांबू देत नाही. आणि ‘चालतंय ना’ हे आपण नेमकं या दुसऱ्या अवस्थेतल्या वस्तूबद्दल म्हणत असतो.

अर्थात गाडी बंद पडणंही इथे साधं नाही. रात्री उसाच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्यावर, बिबट्याच्या मुलखात, गाडी ढकलत नेणं काय असतं ते जुन्नरकरांना विचारा.

‘चालतंय ना’ म्हणजे निव्वळ आळस, असंही नाही. हे टंचाईतून आलेलं शहाणपण आहे. टोमॅटोचा भाव पडलेला असताना नवी गाडी घेता येत नाही, आणि सकाळी माल बाजारात पोचवायचा असताना गाडी गॅरेजला लावता येत नाही. केबल शे-दोनशे रुपयांत येत असेल, पण हुकलेला बाजार परत येत नाही. याच शहाणपणामुळे आपल्याकडे गाड्या वीस-वीस वर्षं टिकतात. पण जुनी वस्तू चालू ठेवणं आणि बिघडलेली वस्तू चालू ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत काळजी आहे. दुसरीत आपण उद्याकडून उधार घेतो, आणि ते फेडणारा बऱ्याचदा भलताच कुणी असतो.

म्हणून प्रश्न असा विचारायला हवा: कुणाच्या जिवावर चालतंय? मी एकटा, माझ्या बांधावर, माझ्या जबाबदारीवर गाडी चालवत असेन, तर धोका पत्करणं माझा अधिकार आहे. पण मागे आई बसली असेल, टाकीवर शाळेचं पोर बसलं असेल, समोरून कुणी चालत येत असेल, तर त्यांना कुणी विचारलेलंच नाही. त्यांच्या वतीनं ‘चालतंय’ म्हणायचा अधिकार मला कुणी दिला?

कॅनडात बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलच्या जुन्या मॉडेलांनाही अशीच केबल असते, आणि तिथे तिच्यात पाणी गोठूनही ती अडकते. म्हणून अनेक स्नोमोबाइलना एक दोरी असते. ती चालकानं अंगाला अडकवायची. तो पडला की ती निघते आणि इंजिन बंद होतं. ती दोरी एक गोष्ट आधीच कबूल करते: आपण सगळं पाहू शकत नाही.

मग मेकॅनिकनं काय करावं? गिऱ्हाईक म्हणतं, ‘फक्त रेस सेट कर.’ त्यानं टोपण उघडलं आणि त्याला तीन तारा तुटलेल्या दिसल्या. न विचारता केबल बदलली तर दुसऱ्याचा पैसा त्यानं परस्पर खर्च केला. गप्प बसला तर त्याला जे कळलं ते त्यानं लपवलं. तिसरा मार्ग आहे: केबल ओढून काढायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. तुटलेली तार बोटाला टोचली की पुढचं बोलणं सोपं होतं. तरीही ते नको म्हणालं तर? माझ्या मते मेकॅनिकनं ती केबल ताणून ‘नीट करून’ देऊ नये. त्यानं हात लावला की ती बेफिकिरी त्याचीही होते.

नवी केबल बसवल्यावर चांगला मेकॅनिक एक गोष्ट चुकवत नाही. इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवतो. रेस वाढली तर केबल ताणलेली आहे किंवा चुकीच्या वाटेनं नेली आहे. हे गिऱ्हाइकाला कळलंही नसतं. तरी तो करतो.

कार्बोरेटरचं ट्यूनिंग मात्र इतकं सरळ नाही. तिथे ‘बरोबर’ असा एकच आकडा नसतो. पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते. पण थंडीत सुरू होणारं इंजिन, भीमाशंकरचा चढ आणि सपाट रस्ता यांची मागणी वेगवेगळी. गिऱ्हाइकाची एकच: ‘अ‍ॅव्हरेज वाढवून दे.’ पेट्रोल जास्तच कमी केलं की इंजिन तापतं, स्पार्क प्लग पांढरा पडतो, चढावर दम निघतो. पेट्रोल जास्त सोडलं तर पिकअप छान, पण प्लग काळा, आणि धूर मागच्याच्या नाकात. प्लगचा रंग बिस्किटासारखा तपकिरी आला की समजायचं, मधली वाट सापडली. इथेही प्रश्न तोच: माझी बचत कोण भरतंय? इंजिन, मागून येणारा माणूस, की उद्या ही गाडी विकत घेणारा?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळजवळ गेला. आता किती पेट्रोल सोडायचं हे सेन्सर आणि एक छोटा संगणक ठरवतो. हवेसाठी हे चांगलंच झालं. त्यावर हळहळण्यात अर्थ नाही. बिघाड झाला की मीटरवर पिवळा दिवा पेटतो. तो दिवा आठवडाभर तसाच जळताना तुम्हीही पाहिला असेल. गाडी चालत असते ना. यंत्राला बिघाड दाखवता येतो, तो कुणाचा आहे हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं. पुढच्या वेळी किक मारण्याआधी एकदा मूठ पिळून सोडा. ती झटकन मागे येते का बघा.