श्रद्धा आणि तिचे उत्तरदायित्व



कार्ला डोंगर चढून श्री एकवीरा आईच्या दर्शनास आपण येतो, तेव्हा मंदिरालगतच सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेले चैत्यगृह दिसते. त्याच्या स्तंभांवर दात्यांची नावे कोरलेली असून, धेनुकाकट येथील काही दाते स्वतःस यवन म्हणवितात. क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याने येथील भिक्षूंच्या निर्वाहार्थ करजिक गाव दिले. त्याच लेखात देव व ब्राह्मण यांस सोळा गावे दिल्याचाही उल्लेख आहे. एकीकडे दिल्याने दुसरीकडची श्रद्धा उणावते, असे त्यास वाटलेले दिसत नाही.

यावरून कोणी म्हणेल, श्रद्धा प्रामाणिक असली की पुरे. मार्ग कोणताही असो. ऐकावयास हे गोड आहे, पण अर्धेच खरे. गीतेच्या 17व्या अध्यायारंभी अर्जुनाने हेच विचारले आहे : शास्त्रविधी सोडून, परंतु श्रद्धेने जे यजन करतात, त्यांची निष्ठा कोणती मानावी? भगवंतांनी केवळ श्रद्धेवर निभावून नेले नाही. सात्त्विक, राजस, तामस असे तिचे भेद करून, दुसऱ्याच्या नाशासाठी हट्टाने केलेले तप त्यांनी तामस ठरविले. अवज्ञेने दिलेले दानही त्याच पंक्तीत बसविले, हे आम्हां देणाऱ्या-घेणाऱ्यांनी विशेष ध्यानी ठेवावे.

लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावणारी इंद्रायणी पुढे देहूस जाते. तेथील कथा सर्वश्रुत आहे. वाघोलीचे रामेश्वर भट विद्वान व शास्त्रनिष्ठ. शूद्राने प्राकृतात वेदार्थ सांगणे हा अधर्म, असे ते मनापासून मानीत. म्हणूनच त्यांनी तुकोबांस अभंगांच्या वह्या नदीत बुडविण्यास सांगितले. निष्ठेत खोट नव्हती. परंतु तेरा दिवस अन्नपाण्यावाचून शिळेवर पडून राहिलेल्या तुकोबांस त्या निष्ठेचे काय? दुसऱ्याच्या उपासनेस आपण मान देतो तो त्याच्या अंतःकरणास. आपल्या उपासनेची झळ कोणास लागते, हे मात्र ज्याचे त्यानेच पाहावयाचे असते.

‘मी तर शास्त्राप्रमाणेच वागलो’ असे म्हणून रामेश्वर भटांस घरी बसता आले असते. तसे न करता ते देहूस आले आणि तुकोबांचे शिष्य झाले, असे सांप्रदायिक चरित्रे सांगतात. तुकोबांची जी आरती आज घरोघरी व दिंड्यांतून म्हटली जाते, तिच्या अखेरीस नाममुद्रा आहे ती रामेश्वरांचीच.