खर्च कोणाच्या खात्यावर?

मुंबईतल्या सुरुवातीच्या कापड गिरण्यांमध्ये मॅनेजिंग एजंटचं कमिशन सुताच्या वजनावर ठरायचं. पौंडामागे पाव आणा. सूत विकलं गेलं की गोदामात पडून राहिलं, कंपनीला नफा झाला की तोटा, याच्याशी त्या पाव आण्याला काही देणंघेणं नव्हतं. एजंट म्हणजे बहुधा गिरणी काढणारं घराणंच. गिरणी भागधारकांच्या पैशावर उभी राहायची आणि ती चालवण्याचा मक्ता वर्षानुवर्षं त्या घराण्याच्या पेढीकडे असायचा. पुढे कमिशन नफ्यावर मिळू लागलं आणि १९७० साली मॅनेजिंग एजन्सीची पद्धतच कायद्यानं संपली. पण गिरणीतून काय काढता येईल ते आधी पाहायचं आणि तिच्यात काय घालावं लागेल ते मागाहून, ही सवय त्या पाव आण्याच्या काळातली आहे.

पहिल्या महायुद्धानं या सवयीला चांगलंच खतपाणी घातलं. लँकेशायरचा माल येईनासा झाला, कापडाचे भाव चढले आणि युद्ध संपल्यावरही तीन-चार वर्षं गिरण्यांनी भरमसाट लाभांश वाटले. एवढ्या कमाईतून राखीव निधी उभा करावा, जुनी यंत्रं बदलावीत, हे थोड्यांनाच सुचलं. मग जपानी कापड येऊ लागलं, तेजी ओसरली आणि १९२५ मध्ये मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. कामगार संपावर गेले. सरकारनं कापडावरचा अबकारी कर स्थगित केला, तेव्हा कपात मागे घेतली गेली. तेजीतली मिळकत वाटून झाली होती. मंदीचा भार आधी मजुरीवर टाकून पाहिला, ते जमेना तेव्हा तो सरकारी तिजोरीनं उचलला. पुढच्या शंभर वर्षांत हाच प्रकार वेगवेगळ्या रूपांत दिसतो.

स्वातंत्र्यानंतर सरकारी धोरणानं गिरण्यांचे हात बांधले, ही मालकांची तक्रार खोटी नाही. गिरण्यांमधल्या मागांच्या संख्येवर मर्यादा आली, यंत्रमागांना सवलती मिळाल्या. पण त्या सवलतींचा फायदा गिरण्यांनाही घेता येत होता. भिवंडीच्या यंत्रमागांवर स्वस्तात विणून घेतलेल्या कापडावर गिरणीचा शिक्का मारून ते विकता येत असेल, तर स्वतःच्या साचेखात्यात नवे माग कोण बसवणार? काही गिरण्यांनी ते बसवले, त्या जास्त तगल्या. बाकीच्या ठिकाणी जुनेच साचे खडखडत राहिले आणि दाराशी बदली कामगारांची रांग रोज सकाळी उभी राहत गेली.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. संपानं गिरण्या बुडवल्या हे वाक्य मुंबईत अजून ऐकू येतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. दशकानुदशकं ज्यात पैसा घातला गेला नाही, ते एका धक्क्यानं कोसळतं आणि मग नाव त्या धक्क्याचं होतं.

खरी कमाई त्यानंतर झाली. मध्य मुंबईतली सुमारे सहाशे एकर जमीन या गिरण्यांखाली होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला: गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानानं एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. मालकांनी काय करावं? शेड पाडल्याच नाहीत. त्याच शेडमध्ये ऑफिसं थाटली, हॉटेलं काढली, एका गिरणीत तर बोलिंग अ‍ॅली आली. १९९६ मध्ये राज्य सरकारनं चार्ल्स कोरिया यांच्या समितीला गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडा करायला सांगितलं, तर खासगी मालकांनी समितीच्या लोकांना आवारात येऊ दिलं नाही. समितीला राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांवर भागवावं लागलं. तो आराखडाही धूळ खात पडला.

२००१ मध्ये नियमात एक बदल झाला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची होईल आणि मोकळी म्हणजे आधीपासून रिकामी असलेली, शेड पाडून मोकळी होणारी नव्हे. गिरण्यांच्या आवारात बहुतेक जागा शेडनीच व्यापलेली असते, त्यामुळे शहराचा वाटा जवळजवळ आटलाच. नागरिकांच्या एका गटानं दाद मागितली, उच्च न्यायालयानं ती मान्य केली, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला.

तिमाही नफ्यामागे धावाल तर पुढे तुम्हालाच महाग पडेल, असा उपदेश कंपन्यांना सतत केला जातो. गिरणगावाचा इतिहास समोर ठेवला की हा उपदेश मला भाबडा वाटतो. मालकांना काहीही महाग पडलं नाही. कापडानं शंभर वर्षांत दिलं नसेल एवढं जमिनीनं दहा वर्षांत दिलं. त्यांची नजर आखूड होती असंही म्हणता येत नाही. आपल्या हिताचं त्यांना फार लांबवरचं दिसत होतं. खर्च झालाच, फक्त त्याचं बिल दुसऱ्यांच्या घरी गेलं. पन्नाशीत नोकरी गेलेल्या माणसाच्या घरी, शाळा सोडून मिळेल त्या कामाला लागलेल्या त्याच्या मुलाच्या घरी. त्यांतली काही पोरं टोळ्यांच्या नादी लागली, तो खर्च तर कोणी मोजलाच नाही.

कापडाच्या गिरण्या महानगराच्या मधोमध कायम राहणार नव्हत्या, हे मान्य. मँचेस्टरच्याही गेल्या. पण उद्योग जाणं वेगळं आणि जाताना कोणी काय भरायचं हे वेगळं. दुसरा प्रश्न टाळण्यासाठी पहिल्याचं उत्तर पुढे करायची आपल्याकडे पद्धत पडली आहे.

गिरणी कामगार चाळीतून चालत पाळीला जायचा. त्यामुळे परळ-एल्फिन्स्टनची स्टेशनं आणि त्यांचे पूल बेताचेच होते. त्याच जागेवर ऑफिसांचे टॉवर उभे राहिले आणि त्यांत काम करणारे लोक रोज लोकलनं येऊ लागले, तेव्हा रस्ते आणि पूल मात्र तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळच्या गर्दीत पाऊस आला, लोक एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावर थांबले आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. रेल्वेची दिरंगाई यात होतीच, रुंद पुलाची मागणी जुनीच होती. पण एखाद्या भागात लाखो चौरस फूट ऑफिस उभं करणाऱ्यानं तिथल्या पुलासाठी, मोकळ्या जागेसाठी आपला वाटा द्यायचा असतो, आणि नेमका तोच वाटा नियमातून जवळजवळ काढून टाकला होता. तीन महिन्यांनी कमला मिलच्या आवारातल्या आगीत आणखी १४ जण मेले.

गिरण्यांच्या जमिनीतून म्हाडाच्या वाट्याला आलेल्या घरांसाठी अर्ज केलेले कामगार आणि वारस दीड लाखाच्या घरात आहेत. २०१२ मध्ये पहिली सोडत निघाली, ६,९२५ घरांची. पुढेही काही निघाल्या, पण मुंबईत जागाच उरलेली नाही असं सरकार सांगू लागलं. २०२४ मध्ये मुंबईबाहेर, कर्जतच्या वाटेवरच्या शेलू आणि वांगणी इथे ८१ हजार घरांची योजना पुढे आली. संघटनांना ती मान्य नाही. घरं मुंबईतच हवीत म्हणून ९ जुलै २०२५ ला आझाद मैदानात आंदोलन झालं. शेलूहून परळला लोकलनं दीड तासाच्या वर लागतो. एखाद्या वारसाला तिथल्या टॉवरमध्ये सुरक्षारक्षकाची नोकरी लागली, तर त्यानं रोज पहाटे कर्जतची लोकल पकडायची आणि पासाचे पैसेही पगारातूनच भरायचे.