घर बदलताना त्याग कोणाचा?

जुन्या इमारतीचा पुनर्विकास, बदलीचा आदेश, मुलांच्या शाळेजवळ घेतलेले घर, निवृत्तीनंतर गावी परतणे. कारण कोणतेही असो, घर हलवण्याचा प्रसंग बहुतेक कुटुंबांवर येतोच. मुंबई-पुण्यात पुनर्विकासामुळे तो दोनदा येतो. आधी भाड्याच्या घरात जायचे आणि काही वर्षांनी पुन्हा सामान बांधून आपल्याच नव्या घरात. बँक, रेल्वे किंवा सैन्यात नोकरी करणाऱ्या, इंदूर-बडोद्यापासून बंगळुरूपर्यंत फिरत राहिलेल्या साधकांना तर खोकी बांधण्याचा सरावच झालेला असतो.

अशा वेळी सत्संगात एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘बरे झाले, यानिमित्ताने अपरिग्रहाची साधना होईल.’ यात खोटे काही नाही. माळ्यावरून वीस वर्षांचे सामान खाली आले की आपण किती साठवले ते डोळ्यांना दिसते. पण कपाटे उघडू लागल्यावर पहिला प्रश्न ‘हे हवे की नको’ असा नसतो. ‘हे कोणाचे आहे’ हा तो प्रश्न असतो. घाईत नेमका तोच राहून जातो.

माझ्या परिचयातील एका घराचे उदाहरण सांगतो. तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांचे जुने घर. मुलगा, सून, नातू आणि ऐंशीच्या घरातील आजी. मुलगा नियमित ध्यान करणारा, सेवेत पुढे असणारा. आजींचे सामान म्हणजे एक लोखंडी ट्रंक, पाटा-वरवंटा, पितळेचे चार डबे आणि जुन्या लुगड्यांची गोधडी. पाटा गेली पंधरा वर्षे कोणी वापरला नव्हता. आजी दुपारी शेजारी गेल्या असताना भंगारवाला आला आणि पितळेचे डबे वजनावर गेले. पाटा जिन्याखाली ठेवला गेला. आजींनी विचारल्यावर मुलगा प्रेमानेच म्हणाला, “आई, आता या वयात मोह सोडायला हवा.” आजी काही बोलल्या नाहीत. पुढचे दोन दिवस त्या नीट जेवल्या नाहीत.

मुलगा वाईट नाही. आपण आईला आसक्तीतून सोडवत आहोत असेच त्याला मनापासून वाटत होते. म्हणूनच हा प्रसंग विचार करण्यासारखा आहे.

पातंजल योगसूत्रांत यमांचा जो क्रम दिला आहे त्यात अपरिग्रह पाचवा आहे. पहिला यम अहिंसा आणि तिसरा अस्तेय, म्हणजे दुसऱ्याचे न घेणे. आईचे डबे तिला न विचारता विकले, तर त्यात अपरिग्रह कोणाचा झाला? आईचा नाही, कारण तिने काही सोडलेच नाही. मुलाचाही नाही, कारण ते डबे त्याचे नव्हते. उरले ते अस्तेयाचे उल्लंघन, आणि त्याला वैराग्याचे नाव दिल्यामुळे आईला रागावण्याची सोयही राहिली नाही. रागावली तर ती ‘आसक्त’ ठरणार!

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंविषयी सांगतो. एकनाथी भागवतामुळे ही कथा अनेक मराठी घरांत माहीत आहे. त्यात कुरर पक्षी येतो. चोचीत मांसाचा तुकडा असल्यामुळे इतर बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडतात. तो तुकडा टाकून देतो आणि सुखी होतो. स्वतःचे घर न बांधणारा, दुसऱ्याने केलेल्या बिळात सुखाने राहणारा सर्पही त्यात आहे. घर बदलताना हे दोन्ही दाखले फार दिले जातात. पण कुररीने तुकडा टाकला तो स्वतःच्या चोचीतला. दुसऱ्याच्या चोचीतला तुकडा हिसकावणारे पक्षीही त्याच कथेत आहेत, आणि त्यांना अवधूताने गुरू केलेले नाही.

वृद्ध माणसाच्या वस्तूंविषयी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ज्या स्त्रीच्या नावावर कधी घर नव्हते, खाते नव्हते, तिच्यासाठी ती ट्रंक हीच घरातली स्वतःची जागा असते. तिचे कुलूप आणि किल्ली एवढाच तिचा अधिकार. तोही आपण ‘स्वच्छते’च्या उत्साहात काढून घेतो. मुलांच्या बाबतीतही हेच घडते. मूल झोपल्यावर त्याची मोडकी खेळणी गुपचूप पिशवीत भरली जातात. सहा वर्षांच्या मुलाला एक खोके देऊन ‘यात मावेल ते तुझे, बाकीचे कोणाला द्यायचे ते तू सांग’ असे म्हटले तर ते आश्चर्य वाटावे इतके सहज देते.

मग नव्या घरात जागाच नसेल तर? ही अडचण खरी आहे. ज्येष्ठांचा प्रत्येक हट्ट योग्यच असतो असेही नाही. आइस्क्रीमचे चाळीस रिकामे डबे कोणत्याही घरात मावणार नाहीत. पण जागेची टंचाई सर्वांची आहे, तर काटछाटही सर्वांची व्हावी. पहिले खोके स्वतःचे. न वाचलेली पुस्तके, घडी करून ठेवलेली व्यायामाची सायकल, कधीतरी लागतील म्हणून जपलेल्या वायरी. मुलाच्या हातून हे आधी निघताना आईने पाहिले, तर तिच्याशी पुढचे बोलणे सोपे जाते. मग वस्तू एकेक करून तिच्यापुढे ठेवावी, तिची गोष्ट ऐकावी आणि कोणाला द्यायची ते तिनेच ठरवावे. जमल्यास तिच्या हातूनच ती दिली जावी. स्मृती क्षीण झालेल्या माणसाची खुर्ची, घड्याळ, अंथरूण यांना तर हातच लावू नये. नव्या घरात त्याला ओळखीचे तेवढेच असणार आहे.

यासाठी वेळ लागतो. म्हणून तयारी दोन महिने आधी सुरू करावी. गॅसजोडणी, शाळेचा दाखला, आधारवरील पत्ता ही कामे धावपळीत उरकता येतात, संमती तशी मिळत नाही. शेवटच्या दोन दिवसांत सगळे निर्णय विवेक घेत नाही, थकवा घेतो.

दुसरा प्रश्न देण्याचा. कठोपनिषदाच्या आरंभी नचिकेताचा पिता यज्ञात गायी दान करतो. त्या पाणी पिऊन संपलेल्या, गवत खाऊन संपलेल्या, दूध आटलेल्या गायी होत्या. ते पाहून लहानग्या नचिकेताला राहवत नाही आणि ‘मला कोणाला देणार?’ असे तो पुन्हा पुन्हा विचारतो. घर हलवताना घरकाम करणाऱ्या मावशींना जो बंद पडलेला मिक्सर, टाके उसवलेली गादी आणि मुदत संपत आलेले मसाले दिले जातात, ती त्याच गायींची आधुनिक आवृत्ती आहे. मावशी नाही म्हणू शकत नाहीत. रिक्षाचे भाडे त्यांचे, दुरुस्तीचा खर्चही त्यांचाच. आणि आपण मात्र दान केल्याच्या समाधानात! चालू वस्तू द्यावी, आधी विचारून द्यावी, शक्य तर पोहोचवून द्यावी. बंद पडलेली वस्तू भंगारात जावी, त्यात कमीपणा नाही. आपण गेल्यावर मावशींचे एका घराचे काम सुटते, याचाही विचार हवा. महिनाभर आधी सांगणे आणि एखादा जादा पगार हातात ठेवणे त्यांना गादीपेक्षा उपयोगी पडते.

ओझे उचलणाऱ्या माणसांचेही तसेच. उद्वाहन नसलेल्या इमारतीत पुस्तकांनी भरलेले मोठे खोके तिसऱ्या मजल्यावर चढवणे म्हणजे काय ते एकदा स्वतः उचलून पाहावे. पुस्तके लहान खोक्यांत भरावीत, मजुरी आधी स्पष्ट ठरवावी, पाण्याचा माठ शेवटपर्यंत बांधू नये.

देवघराविषयी थोडेसे. जीर्ण तसबिरी, भंगलेल्या मूर्ती पिंपळाखाली ठेवून येण्याची पद्धत बंद व्हावी असे मला वाटते. ज्यांना आपण रोज फूल वाहिले त्यांना उघड्यावर सोडायचे आणि सफाई कामगाराने उचलायचे, यात भक्ती कुठे दिसत नाही. फ्रेम, काच वेगळी करून कागद घरीच पाण्यात भिजवून कुंडीच्या मातीत मिसळता येतो.

सोडून जायचे घर झाडून-पुसून द्यावे. कुठली भिंत पावसाळ्यात ओल धरते, कोणता नळ गळतो ते नव्या भाडेकरूला सांगावे, घरमालकाला आवडो वा न आवडो.

नव्या घरात दूध उतू घालवतात, कलश ठेवतात. ते अवश्य करावे. पण त्याआधी, टेम्पोतून सामान उतरत असतानाच, आजींची जागा ठरवावी. खिडकी कोणत्या बाजूला हवी, ट्रंक पलंगाखाली ठेवायची की उशाशी, हे त्यांना विचारावे. सकाळच्या जपासाठी आसन, माळ, चष्मा आणि औषधे एका हातपिशवीत वेगळी ठेवलेली असावीत. पहिल्या रात्री खोक्यांच्या ढिगात ती शोधावी लागू नयेत.