चहाडीची रात्र

दर 60 दिवसांनी येणाऱ्या एका ठरावीक रात्री डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही, असा नेम जपानमध्ये शतकानुशतके पाळला गेला. त्यामागची समजूत अशी की, माणसाच्या मस्तकात, पोटात आणि पायांत ‘सान्शी’ नावाचे तीन किडे जन्मापासून वस्तीला असतात आणि त्या रात्री तो झोपला की बाहेर पडून स्वर्गाधिपतीकडे त्याच्या पापांची चहाडी करतात. ही कल्पना मूळची चीनमधील ताओ पंथाची असून, चौथ्या शतकातील गे होंग या लेखकाने शिक्षेचे मापही नोंदवले आहे: मोठ्या अपराधाला आयुष्यातले 300 दिवस वजा, लहानाला 3. चित्रगुप्त निदान परक्या दरबारात बसून वही लिहितो; इथे हेर देहातच मुक्कामाला, आणि त्याची वाट अडवायची तर जागे राहण्यावाचून दुसरा सोपा उपाय नाही. साठ दिवसांच्या कालचक्रातील सत्तावन्नावा, म्हणजे ‘कोशिन’ नावाचा वानरचिन्हाचा दिवस हा त्या जागरणाचा मुहूर्त असे.

भीतीपोटी सुरू झालेले हे जागरण फार लवकर करमणुकीकडे वळले. दहाव्या शतकाच्या अखेरीस सम्राज्ञी तेइशी हिच्या सेवेत असलेली लेखिका सेई शोनागोन हिने ‘माकुरा नो सोशी’ या आपल्या टिपणवजा ग्रंथात अशा एका रात्रीचे वर्णन केले आहे. सगळे दिलेल्या विषयावर कविता रचण्यात गढलेले असताना ही बाई, कवितेतून सूट मिळवून, सम्राज्ञीशेजारी गप्पा मारीत बसली होती. तेव्हा सम्राज्ञीने तिच्या नामवंत कवी वडिलांची आठवण देणारी चेष्टेची चिठ्ठी तिच्याकडे भिरकावली. पापाच्या हिशेबाची रात्र आणि वातावरण असे! पुढे एदो काळात, म्हणजे साधारण 1600 नंतर, गावोगाव ‘कोशिन-को’ नावाची मंडळे झाली. पाळीपाळीने एकेका घरी जमायचे, पूजा उरकायची आणि मग खाणेपिणे व गोष्टी. लांबण लागणारे बोलणे कोशिनच्या रात्रीसाठी राखून ठेवावे, अशा अर्थाची म्हणच तिथे पडली.

पाप टाळण्याऐवजी पापाची बातमी टाळणे ही उघड पळवाट आहे, आणि नीतीच्या कडक मापाने ती नापास ठरेल. पण एकट्याने काढलेल्या रात्रीशी तिची तुलना करून पाहावी. अपराधाची टोचणी लागलेला माणूस अंथरुणात तळमळतो तेव्हा तो स्वतःचीच कथा पुन्हा पुन्हा ऐकत असतो, आणि त्या कथेत नवे काही घडत नाही. शेजाऱ्याने तिखटमीठ लावून सांगितलेली गोष्ट मात्र त्याला काही काळ स्वतःपासून सोडवते. शिवाय शेजाऱ्याला डुलकी लागू न देणे हे या बैठकीत प्रत्येकाचेच काम होऊन बसते. ज्याच्याशी बांधावरून वाद झाला, त्याच्या पापांची चहाडीही आपणच जागते ठेवून रोखायची, ही अट वाटते तितकी हलकी नाही.

हसवून जागे ठेवण्याच्या कलेला त्या समाजात प्रतिष्ठाही होती. आनराकुआन साकुदेन या बौद्ध भिक्षूने 1623 मध्ये सुमारे हजार विनोदी गोष्टींचा ‘सेइसुइशो’ हा संग्रह सिद्ध केला. झोप उडवणारे हसू, असे त्याचे नाव. धर्मपीठावरच्या माणसाला हे काम उणेपणाचे वाटले नाही, याचे नवल खंडोबाच्या जागरणात वाघ्या-मुरळीचा विनोद ऐकणाऱ्या मराठी माणसाला वाटू नये.

तीन वर्षांत अशी 18 जागरणे पुरी केली की मंडळाने रस्त्याकडेला दगडी स्तंभ उभारायचा, अशी चाल होती. त्यावर पुष्कळदा डोळे, कान आणि तोंड झाकलेली तीन माकडे कोरलेली असत. गांधीजींमुळे ती आपल्याही ओळखीची आहेत. तोंड झाकलेले माकड हौसेने कोरून घेणाऱ्या त्या मंडळींनी स्वतः मात्र अठराही रात्री तोंडाला विश्रांती दिलेली नसे.