उंबरठ्यावरील मजकूर : आत्मवर्णनाच्या नैतिकतेविषयी

संहितेने स्वतःविषयी वाचकाला आधी काय सांगावे, हा प्रश्न भारतीय शास्त्रपरंपरेला अपरिचित नाही. अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन या चार गोष्टी ग्रंथारंभीच स्पष्ट व्हाव्यात, असा ‘अनुबंधचतुष्टया’चा संकेत वेदान्तग्रंथांत रूढ आहे, सदानंदांच्या ‘वेदान्तसारा’त त्याची रीतसर मांडणी आढळते. पाश्चात्त्य समीक्षेत जेरार जेनेत यांनी शीर्षक, प्रस्तावना, अर्पणपत्रिका, मलपृष्ठ अशा संहितेभोवतीच्या मजकुराचा विचार १९८७ साली ज्या ग्रंथात केला, त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थच मुळी ‘उंबरठे’ असा आहे. या दोन्ही विचारांत एक गोष्ट समान आहे : उंबरठ्यावरचे बोलणे वाचकाला उद्देशून असते आणि ते त्याच्या देखत होते.

संकेतस्थळाच्या पृष्ठाला जोडला जाणारा ‘मेटा टॅग’ हे याच उंबरठ्याचे अर्वाचीन रूप होय. मात्र त्याने हे साम्य मोडले आहे. पृष्ठाच्या एचटीएमएल संहितेच्या शिरोभागात तो लिहिला जातो, पण वाचकाच्या पडद्यावर उमटत नाही. त्याचा पहिला, आणि बहुधा एकमेव, वाचक म्हणजे शोधयंत्र. पृष्ठ कोणत्या शब्दांसाठी सापडावे, निकालांच्या यादीत त्याचा परिचय कोणत्या वाक्यांनी व्हावा, किंबहुना ते यादीत यावे की नाही, याविषयीचे निवेदन लेखक या यंत्राकडे करतो. वाचकाविषयीचे बोलणे वाचकाच्या अपरोक्ष होऊ लागले, की त्याच्या सत्यतेची हमी कोणी द्यावयाची, हा खरा नैतिक प्रश्न आहे.

इतिहासाने त्याचे एक उत्तर दिले आहे. १९९० नंतरच्या दशकात अल्टाव्हिस्टा, इन्फोसीक यांसारखी शोधयंत्रे ‘कीवर्ड्स’ या टॅगवर विश्वास ठेवीत. पृष्ठाशी सुतराम संबंध नसलेले, पण लोक ज्यांचा शोध घेतात असे शब्द तेथे कोंबले जाऊ लागले. परिणामी तो टॅग निरर्थक झाला. संकेतस्थळांचा क्रम लावताना आपण तो विचारातच घेत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले. ‘डिस्क्रिप्शन’ हा टॅग आजही वाचला जातो, परंतु त्यातील वाक्ये दाखवावीत की पृष्ठातून दुसरीच निवडावीत, हे शोधयंत्र ठरवते. म्हणजे असत्य आत्मवर्णनाची शिक्षा केवळ असत्य बोलणाऱ्यांना झाली नाही. स्वतःचे वर्णन करण्याचा सर्वांचाच अधिकार तिने उणावला.

न्यायालयांपुढे हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. अमेरिकेच्या नवव्या विभागीय अपील न्यायालयाने १९९९ साली ‘ब्रुकफील्ड’ खटल्यात, प्रतिस्पर्ध्याचे व्यापारचिन्ह आपल्या मेटा टॅगमध्ये घालणे म्हणजे रस्त्यावर दुसऱ्याच्या दुकानाची पाटी लावून गिऱ्हाइकाला आपल्या दारी वळवण्यासारखे आहे, असा दृष्टान्त दिला. २००२ साली त्याच न्यायालयाने टेरी वेल्स यांना मात्र ‘प्लेबॉय’ हा शब्द टॅगमध्ये वापरण्याची मुभा दिली, कारण त्या मासिकाने १९८१ साली त्यांना खरोखरीच किताब दिला होता आणि तो शब्द टाळून त्यांना स्वतःची ओळख सांगणे शक्य नव्हते. शब्द दुसऱ्याचा असणे हा दोष नव्हे. शब्द आणि पृष्ठ यांत नाते नसणे हा दोष होय, असा या दोन निर्णयांचा एकत्रित आशय सांगता येईल.

कांटने १७९५ च्या ‘शाश्वत शांतता’विषयक निबंधात मांडलेला प्रकटतेचा निकष येथे उपयोगी पडतो. इतरांच्या अधिकारांशी संबंधित असलेली जी कृती तिचे तत्त्व उघड केल्यास टिकू शकत नाही, ती अन्याय्य होय. मेटा टॅगमधील मजकूर पृष्ठाच्या माथ्यावर ठळकपणे छापला असता, तर लेखकाला संकोच वाटला असता काय? वेल्स यांना तो वाटण्याचे कारण नव्हते. असंबद्ध शब्दांचा ढीग रचणाऱ्याला तो वाटलाच असता.

परंतु हा निकष एकट्या लेखकालाच लावून भागणार नाही. शोधयंत्राचे पृष्ठे जोखण्याचे नियम बहुतांशी अप्रकट असतात, आणि लेखकाचा नकारही त्याच्याच अटींवर व्यक्त होतो. ‘नोइंडेक्स’ ही सूचना वाचता यावी म्हणून यंत्राला आधी पृष्ठात प्रवेश द्यावा लागतो, रोबॉट्स.टीएक्सटी या फाइलद्वारे दारातच अडवले, तर आतला नकार त्याला दिसतच नाही. नकाराची किंमत किती असते, हे फ्रान्समध्ये दिसले. युरोपीय संघाच्या २०१९ च्या प्रताधिकार निर्देशानुसार तेथील वृत्तपत्रांना आपल्या उताऱ्यांसाठी मोबदला मागण्याचा हक्क मिळाला. त्यावर, प्रकाशकांनी मेटा टॅगद्वारे संमती दिली तरच उतारे दाखवू, अशी भूमिका गूगलने घेतली. बहुसंख्य प्रकाशकांनी ती संमती विनामूल्य दिली, कारण उताऱ्याविना यादीत राहणे म्हणजे वाचक गमावणे होते. फ्रेंच स्पर्धा प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्ये वाटाघाटींचा आदेश दिला आणि तो नीट न पाळल्याबद्दल जुलै २०२१ मध्ये ५० कोटी युरोंचा दंड ठोठावला. टॅगमध्ये लिहिलेला होकार ही संमती म्हणावी की शरणागती, हे केवळ टॅग वाचून ठरत नाही.

अनुबंधचतुष्टयाकडे पुन्हा वळले असता या साऱ्याचे मर्म ध्यानात येते. विषय आणि प्रयोजन यांच्यासाठी टॅग आहेत. कोणी आत यावे हे सांगणारा, म्हणजे अधिकाऱ्याचा निर्देश करणारा, टॅगही आहे. चौथ्या अनुबंधासाठी, म्हणजे संहिता आणि तिचे प्रतिपाद्य यांच्यातील बोध्य-बोधक संबंधासाठी, मात्र कोणताही टॅग नाही, आणि असूही शकणार नाही. तो संबंध घोषित करता येत नाही. तो वाचनातूनच सिद्ध होतो. जो उंबरठा वाचकाला दिसत नाही, त्यावर उभे राहून लेखक जे बोलतो, त्याची अंतिम कसोटी म्हणूनच उंबरठ्याच्या आत आहे. आणि आतला मजकूर कोणापुढे, कोणत्या रूपात ठेवावयाचा हे जो ठरवतो, त्यालाही त्या कसोटीतून सुटका नाही.