कॅमेरा आपला, उपद्रव दुसऱ्याला

इंटरनेटला जोडलेल्या घरगुती उपकरणांचा धोका म्हटला की लोकांच्या मनात दोनच गोष्टी येतात: पाळत आणि चोरी. कोणी कॅमेऱ्यातून घरात डोकावेल किंवा बँकेचे तपशील पळवेल. ‘आमच्या घरात लपवण्यासारखे आहे तरी काय?’ असे म्हणून ती भीतीही लगेच झटकली जाते. या हिशेबात फक्त स्वतःचे नुकसान धरलेले असते. प्रत्यक्षात असुरक्षित उपकरणाची झळ अनेकदा मालकाला लागतच नाही. ती तिसऱ्यालाच सोसावी लागते.

२०१६ साली ‘मिराय’ या घातक प्रोग्रामने हे दाखवून दिले. तो इंटरनेटवरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधत फिरे आणि कारखान्यातून येणारी ‘अ‍ॅडमिन’, ‘१२३४५’ यांसारखी साठएक ठरलेली नावे-पासवर्ड लावून पाही. ऐन भरात सुमारे सहा लाख उपकरणे त्याच्या ताब्यात होती. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांनी ‘डाइन’ या अमेरिकी कंपनीवर बनावट मागण्यांचा मारा केला. संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारी तिची यंत्रणा कोलमडली आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट यांसारख्या सेवा अनेकांसाठी काही तास बंद पडल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना मात्र पत्ताही नव्हता, कारण त्यांना चित्र नेहमीसारखे दिसत होते. उपकरण बंद करून पुन्हा चालू केले की मिराय पुसला जाई. पण पासवर्ड तोच राहिला, तर काही मिनिटांत परत शिरे. काही उपकरणांत तर पासवर्ड बदलण्याची सोयच नव्हती. मिराय रचणाऱ्या तिघा अमेरिकी तरुणांनी २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला, पण तोवर त्याचा कोड जगजाहीर झाला होता.

धोका एवढा मोठा असून जाणवत का नाही, याचे उत्तर मानसशास्त्रात सापडते. पॉल स्लोव्हिक यांनी १९८७ च्या ‘सायन्स’मधील लेखात मांडले की सामान्य माणूस धोका आकड्यांवरून जोखत नाही. जे भीषण आणि अनोळखी, ते त्याला जास्त धोक्याचे वाटते. जे ओळखीचे आणि स्वखुशीने पत्करलेले, ते कमी. सुरक्षेसाठी हौसेने बसवलेला कॅमेरा या दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्याचे बळी दूरचे, अनोळखी असतात, म्हणून ते हिशेबात येत नाहीत.

सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी याला प्रदूषणाची उपमा दिली. नदीत सांडपाणी सोडणाऱ्या गावाला त्रास होत नाही. तो खालच्या गावाला होतो. स्वस्त कॅमेरा विकणारा आणि घेणारा दोघेही समाधानी असतात, आणि किंमत मोजणारा त्या व्यवहारात कुठेच नसतो. म्हणून हा प्रश्न बाजारावर सोडून सुटत नाही.

कायद्यांनी ही उणीव भरायला सुरुवात केली आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून प्रत्येक उपकरणाला वेगळा पासवर्ड देणे किंवा पहिल्या वापरातच तो बदलायला लावणे बंधनकारक आहे. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सर्रास एकच पासवर्ड देण्यावर बंदी घातली; सुरक्षेचे अपडेट किती काळ मिळतील, हेही उत्पादकाला सांगावे लागते. भारतात २०१७ पासून ‘सायबर स्वच्छता केंद्र’ बाधित यंत्रे साफ करण्याची साधने मोफत देते आणि एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीसाठी सुरक्षा-चाचणीचे नियम लागू झाले आहेत.

जबाबदारीचा मोठा वाटा उत्पादकाचाच, कारण दोष दूर करण्याचे ज्ञान आणि साधने त्याच्याकडे असतात. सोसायटीत किंवा दुकानात कॅमेरे बसवणाऱ्या तंत्रज्ञाने मूळ पासवर्ड बदलल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये. मालकाचे कर्तव्य छोटे, पण खरे आहे: पासवर्ड बदलणे, अपडेट घेणे, आणि अपडेट बंद झालेले उपकरण इंटरनेटवरून काढणे. स्वतःला झळ लागत नसली तरी आपल्या वस्तूमुळे दुसऱ्याला इजा होऊ न देणे, हा शेजारधर्म इंटरनेटवरही लागू आहे.