जे अजून गळत नाही

गाडीखाली तेलाचा थेंब दिसला की माणूस आधी शेजाऱ्याच्या गाडीकडे बघतो. आमच्या जुन्या पद्मिनीचं क्रँकचं ऑइल सील गेलं, तेव्हा मिस्त्री म्हणाला, "साहेब, रबर कडक झालंय. गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर बाकीचीही बदलू." सील स्वस्त, मजुरी महाग, हिशेब बरोबर होता. पण जे अजून गळत नाही, ते काढायचं कुठल्या न्यायाने? आमच्या बँकेत तर गळू लागलेल्यालाही कुणी हात लावत नाही!

मात्र रबर आधी बोलत नाही. बोलतो तो मिस्त्री. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेत 'चॅलेंजर' यान उडायच्या आदल्या रात्री इंजिनियर सांगत होते, थंडीने बूस्टरच्या सांध्यातली रबरी कडी ताठरेल, थांबा. वरच्या साहेबांनी ऐकलं नाही. ७ माणसं गेली. सोलापुरात थंडी कुठली! इथे इंजिनाची धग आणि मे महिन्यातलं ४२ अंशांचं ऊन रबराला वाळवतं.

तेव्हा तेलकट हातांचा माणूस "बदला" म्हणाला, की मी पाकीट काढतो. जुनी सीलं मात्र मागून घेतो. यावेळी नखाने दाबून पाहिली. दोन कडक निघाली. तिसरं चांगलं मऊ होतं. त्याबद्दल मिस्त्रीला विचारायचं आहे.